मैल कडेला लिहिलेले असतात

आईची अट एवढीच होती: समुद्राचा खरा नकाशा घरात आणून दाखवा, तरच पोरगी होडीत बसेल. फोनमधला चालणार नाही.

“फोन पाण्यात पडला तर काय करणार? कागदाचा आणा. माझ्या हातात द्या,” ती म्हणाली आणि खडोलीच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला निघून गेली. मामा दारात चपला घालत होता. एक चप्पल पायात आणि एक हातात, असाच तो थोडा वेळ उभा राहिला.

पोरगी म्हणजे मी. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, सिल्वासाच्या सरकारी शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. त्या वर्षी तो निवृत्त झाला होता. सरकारी खोली सोडून त्याला मालवणजवळच्या आमच्या आजोळी कायमचं राहायला जायचं होतं. बाकीचे शिक्षक निवृत्त झाले की टेम्पो ठरवतात, कपाटं आणि गाद्या चढवतात आणि सत्काराची शाल मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसतात. मामाने सामान टेम्पोने पाठवायचं ठरवलं होतं, पण स्वतः तो शिडाच्या होडीतून जाणार होता. दमणच्या खाडीत त्याची एक जुनी फायबरची होडी होती. पर्यटकांना फिरवण्याचा धंदा बंद करणाऱ्या एका माणसाकडून त्याने ती घेतली होती आणि कित्येक वर्षांचे रविवार तिच्यावर खर्च केले होते. दमणहून निघायचं, किनारा डाव्या हाताला ठेवायचा, वाटेतल्या प्रत्येक बंदरात एक मुक्काम करायचा आणि घरी उतरायचं, असा बेत होता. थंडीतला वारा संपायच्या आत निघणं भाग होतं. पुढच्या वर्षी खोलीही नसती आणि होडी ठेवायला खाडीतली जागाही नसती.

एकट्याने हे जमणारं नव्हतं. सुकाणूला एक माणूस लागतो, शिडाला एक. शिवाय मामाची नजर अधू झाली होती, उजेड कमी झाला की बारीक आकडे त्याला दिसत नसत. शाळेतलं कोणी यायला तयार नव्हतं. मी तयार होते. म्हणजे, मी नाही म्हटलं नव्हतं.

बाबा जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. बाबा धुळ्याकडचे. सूतगिरणीत नोकरीला म्हणून इकडे आले, तिथून कामगारांच्या संघटनेत गेले आणि मग जन्मभर पत्रकं लिहीत राहिले. मी पत्रकांवर वाचायला शिकले. बालवाडीतली मुलं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मी ‘कंत्राटी’ वाचत होते. आमच्या घरात गादीखाली पत्रकं असत, पिठाच्या डब्याखाली पत्रकं असत, खिडकी वाजू नये म्हणून तिच्या फटीत पत्रकाची घडी असे. पुढे मीही लिहायला लागले. किलवणी, रांधा, खडोली, जिथे पाळी सुटेल तिथे गेटवर उभी राहून वाटायला लागले. वॉचमन मला ‘छोटी नेता’ म्हणत. काही प्रेमाने म्हणत, काही शिवी दिल्यासारखं. माझा आवाज मोठा होता आणि मला तो आवडत होता.

बाबा एका सकाळी चहा घेता घेता गेले. आवाज माझ्यापाशी राहिला, पण त्याच्या आतलं काहीतरी निघून गेलं. शोकसभेचं पत्रक मला लिहिता आलं नाही. रडू आलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती, कोणी विनोद केला तर तो विनोद आहे हे कळत होतं. सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं. मामाने होडीचं विचारलं तेव्हा मी “चालेल” म्हटलं. गच्चीच्या कठड्यावरून चालतेस का, असं विचारलं असतं तरी मी “चालेल”च म्हटलं असतं.

तर नकाशा शोधायचा होता.

“नकाशा नाही, चार्ट,” मामा म्हणाला. “नकाशा भिंतीवर लावतात. चार्टवर काम करतात. जमीन त्यात नावापुरती असते, सगळं लक्ष पाण्याकडे. कुठे किती खोल, कुठे खडक, कुठला दिवा किती वेळाने लुकलुकतो.”

“आणि मिळतो कुठे?”

“मुंबईला एजंट असतात.”

एजंटला मी फोन केला. दमणपासून मालवणपर्यंत जेवढे लागतात तेवढे सगळे चार्ट, असं सांगितलं. त्याने किती लागतील ते सांगितलं, मग एकाची किंमत सांगितली. मी मामाकडे पाहिलं. होडीच्या इंजिनाच्या दुरुस्तीनंतर मामाकडे जे उरलं होतं त्यात त्यातले थोडेच आले असते. फोन ठेवून मी त्या एजंटला एक लांबलचक ईमेल लिहिला. समुद्राची खोली मोजायला जी जहाजं जातात त्यांचं डिझेल जनतेच्या पैशाचं असतं, मोजणाऱ्यांचे पगार जनतेच्या पैशाचे असतात, मग तीच खोली जनतेला विकत का घ्यावी लागते? मासेमारी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारातला समुद्र परवडू नये ही कुठली व्यवस्था? असं बरंच काही. मला राग आलेला नव्हता. मला फक्त राग लिहिता येत होता. त्याचं वळण हाताला पडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपल्या स्वारस्याबद्दल आभार, दरपत्रक सोबत जोडले आहे.

मामाने ते वाचलं आणि तो खूप हसला. “काय गो, क्रांतीचं दरपत्रक आलं की!”

मी हसले नाही. त्याने चष्मा पुसला आणि विषय बदलला.

खरी वाट काकांनी दाखवली. काका म्हणजे बाबांचे संपातले सोबती. संपात नोकरी गेली तेव्हा त्यांनी सिल्वासाच्या बाजारामागे छोटा छापखाना टाकला. तिथे मराठी, गुजराती आणि हिंदी लग्नपत्रिका छापल्या जात आणि त्यांच्या आडून आमची पत्रकं. काका म्हणाले, “वापीच्या पेपर मिलला रद्दी कुठून कुठून येते माहिती आहे का? भावनगरकडे जहाजं तोडतात, तिथूनही येते. जाडजूड कागद असतो. मी त्याची पुठ्ठ्याला लावायची पानं केलीत. त्याच्यावर निळं-पिवळं काहीतरी असतं. मला वाटायचं ड्रॉइंग.”

मी आणि मामा वापीला गेलो. गोदामात रद्दीचे डोंगर होते आणि त्यांच्या मधून सायकल जाईल एवढी वाट. मालक खुर्चीवर बसून शेंगा खात होता.

“बेन, दरियानो नकशो? बहु छे,” तो म्हणाला. “पण वजन पर जाय हं. दरिया होय के रस्तो, भाव एकच.”

मामाला ते फार आवडलं. वाटेत येताना तो दोनदा म्हणाला, दरिया होय के रस्तो.

गठ्ठे आम्ही जमिनीवर उलगडले. उत्तरेकडची थंड बेटं, कुठल्या तरी आफ्रिकन नदीचं मुख, नाव न वाचता येणारी सामुद्रधुनी. तुटून गेलेल्या जहाजांच्या वाटा त्यांवर पेन्सिलने आखलेल्या होत्या, काही खोडलेल्या, काही तशाच. मामा गुडघ्यावर बसून एकेक कागद असा उलटत होता जसं कोणी देवघर पुसतं. मी त्याच्या शेजारी उभी होते. धूळ नाकात जात होती, एवढंच मला कळत होतं. मग मामा ओरडला. खंभातच्या आखातापासून मंगळूरपर्यंतचा आपला किनारा, एकामागोमाग एक. जुना, कोपरे ओलीने फुगलेले, पण अख्खा. जयगड आणि रत्नागिरीच्या बंदरांचे वेगळे मोठे तक्तेसुद्धा होते.

“जुने आहेत,” मी म्हटलं.

“खडक हलत नाहीत. वाळू हलते. वाळूचं प्रत्येक ठिकाणी कोळ्यांना विचारू.” तो गठ्ठा त्याने छातीशी धरला. मालकाने वजन केलं. शेंगांची पिशवी काट्यावरच राहिली होती, ती मामाने हसत बाजूला केली.

घरी मामाने एकच अडचण काढली. होडीतली खोली म्हणजे कपाटाएवढी, तिथे एवढा मोठा कागद उलगडणार कसा? “काकांकडून याची छोटी प्रत काढून आण,” तो म्हणाला, “हाताळायला सोपी. मूळ गुंडाळून ठेवू.”

मी गठ्ठा घेऊन छापखान्यात गेले.

“काय वं माय, आता समुद्र छापायचा का?” काकांनी विचारलं.

आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काही आलं होतं. “छापायचा काका,” मी म्हटलं. “आणि वाटायचा. पुस्तिका करू. दमणच्या धक्क्यावर प्रत्येक होडीला एक, फुकट.”

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “बाप असता तर आज नाचला असता,” ते म्हणाले.

मग आम्ही दोघं जुन्या सवयीने कामाला लागलो. काकांच्या यंत्राची काच लहान, तिच्यावर अख्खा चार्ट मावेना. म्हणजे कापायला हवा. पत्रकवाल्यांचा एक नियम आहे, तो मी आणि काका दोघंही बाबांकडून शिकलो होतो: कडेची मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला कागद. बाबा कडेपर्यंत मजकूर भरायचे, शेवटची ओळ कधी कधी अर्धी कापली जायची. चार्टाच्या चारही बाजूंना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक चौकट होती, तिच्याबाहेर छापणाऱ्याचं नाव, किंमत आणि हक्क राखून ठेवल्याची ओळ. ती ओळ बघून मी म्हटलं, “हे पहिलं उडवा काका.”

“चौकटीसकट उडवू. म्हणजे तुकडे एकमेकांना नीट लागतील,” काका म्हणाले.

कापायच्या यंत्राचं पातं खाली आलं. एकेका चार्टाच्या चारही कडा खाली पडल्या, मग चार्टाचे चार तुकडे झाले. काकांनी प्रत्येक तुकडा पानाला बसेल असा छापला. जो मोठा होता तो लहान झाला, जो लहान होता तो मोठा. घडी घातली, पिन मारली. हातात बसणारी, खिशात जाणारी पुस्तिका. मुखपृष्ठावर मी शीर्षक दिलं: समुद्र सर्वांचा. खरं सांगायचं तर तीन-चार तास मला बरं वाटत होतं.

मामाच्या खोलीत खोकी बांधलेली होती. रिकाम्या भिंतीवर जिथे चित्रं होती तिथे स्वच्छ चौकोन राहिले होते. त्याने पुस्तिका हातात घेतली, उलटीपालटी केली, शीर्षक मोठ्याने वाचलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. मग शाळेची कंपासपेटी उघडून त्यातला डिव्हायडर काढला. एक टोक एका दीपगृहावर ठेवलं, दुसरं पुढच्या दीपगृहावर. तेवढंच अंतर धरून त्याने डिव्हायडर उचलला आणि पानाच्या उजव्या कडेला नेला.

डिव्हायडर तिथेच राहिला. पानाच्या बाहेर, हवेत.

“कड कुठाय?” मामाने विचारलं.

“कुठली कड?”

“काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. शिडीसारख्या.”

“ती चौकट होती. नक्षी.”

“नक्षी,” मामा म्हणाला. डिव्हायडर त्याने अजून मिटला नव्हता. “मैल तिथे असतात गो.”

त्याने मला समजावलं, जसं त्याने शाळेतल्या पोरांना वर्षानुवर्षं समजावलं असेल, आवाज न चढवता. पृथ्वी गोल, कागद सपाट. म्हणून चार्टावर मैल सगळीकडे सारखा नसतो, वर जाल तसा थोडा मोठा होत जातो. म्हणून तो कडेच्या पट्टीवर लिहितात आणि आपण जिथे असू त्याच्या समोर कडेला जाऊन मोजतात. आपण कुठे आहोत ते आकडेही तिथेच असतात. कड नसेल तर उरतं ते चित्र.

“मग कोपऱ्यात सरळ एक मोजपट्टी का नाही छापत? साधी! सगळ्यांना कळेल अशी!” माझा आवाज चढला. “कडेला कशाला लपवायचं?”

“लपवलेलं नाही. बाहेर ठेवलंय, हाताशी.”

“काकांना सांगते. कडांच्या पट्ट्या असतील अजून.”

मी फोन केला. पुस्तिका वाटायला काढू नका, हे आधी सांगितलं. काका म्हणाले, पट्ट्या होत्या, मूळ तुकडेही होते, पण चांगला जाड कागद म्हणून त्यांनी ते सगळं कालच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांना बांधून दिलं. वऱ्हाड नवसारीला गेलं होतं.

मामा हसला. मला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं.

“मी कड हाताने काढू शकतो,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “तीस वर्षं चित्रकला शिकवली. सुंदर काढीन. पण काकांनी प्रत्येक तुकडा वेगळा ताणलाय. सुंदर काढीन आणि खोटी काढीन. माझ्या एकट्याचं असतं तर निघालो असतो. तुला घेऊन नाही.”

त्याने डिव्हायडर पेटीत ठेवला, पेटी खोक्यात ठेवली आणि खोक्याला चिकटपट्टी लावली. मग म्हणाला, टेम्पोवाल्याला विचारतो, त्याच्या शेजारी बसायला जागा आहे का.

मी घरी आले. रात्रीचं जेवण झालं. आईला सांगितलं की चार्ट बिघडले, मामा टेम्पोने जाणार. आईने “बरं” म्हटलं. ती खूश झाली असेल असं मला वाटलं होतं, पण ती ताट घासत राहिली, तेच ताट, बराच वेळ. मग म्हणाली, “दादा टेम्पोत बसलेला दिसतोय मला. सबंध वाटभर बोलणार नाही तो.”

दुसऱ्या दिवशी मी मामाच्या खोलीवर गेले ते का, मला नीट सांगता येत नाही. वाईट वाटलं म्हणून गेले असं म्हणणं सोपं आहे, पण तसं काही वाटत नव्हतं. शरीराला एक काम हवं होतं. पत्रक चुकलं की दुरुस्तीचं पत्रक काढायचं, हे मला ठाऊक होतं, तेवढंच.

“मामा, एजंटकडून घेऊ,” मी म्हटलं.

“आणि तत्त्व?”

“तत्त्व आहे तसंच आहे. मी त्यांना अजून चार ईमेल लिहीन. पण घेऊ.”

“पैसे पुरत नाहीत. तूच ऐकलंस ना.”

“सगळे घेतले तर पुरत नाहीत. तू प्रत्येक बंदरात थांबणार म्हणतोस. प्रत्येक बंदराचा वेगळा तक्ता. जिथे थांबणारच नाही तिथला कशाला?”

आतापर्यंत मला वाटत होतं की मुक्काम म्हणजे झोपायची सोय. तो खोक्यावर बसला आणि बोलायला लागला तेव्हा मला कळलं की तसं नव्हतं. मुरुडला त्याच्या आईचं माहेर. हर्णैला लहानपणी त्याने पहिल्यांदा माशांचा लिलाव पाहिला. विजयदुर्गला तो आणि एक मित्र शाळेतून पळून गेले होते, किल्ल्याखाली झोपले होते, आणि तो मित्र आता नाही. देवगड नुसतं आवडतं म्हणून. एवढी वर्षं सिल्वासाला समुद्रापासून लांब राहून त्याने ही बंदरं जपमाळेसारखी मनात फिरवली होती.

“एकेक सांग,” मी म्हटलं. “मी रेघ मारते.”

“निर्दय आहेस.”

“सांग.”

आधी त्याने देवगड सोडलं. मग हर्णै. मुरुडला बराच वेळ लागला. म्हणाला, लांबून दिसेल तरी, लांबून जंजिरा दिसतो. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात राहायचं, तिथे सबंध किनाऱ्याचे थोडे चार्ट पुरतात. बंदरांमध्ये शेवटी जयगड राहिलं, कारण मध्ये कुठेतरी थांबणं भागच होतं, आणि मालवण. विजयदुर्गावर त्याने स्वतः रेघ मारली. पेन्सिल माझ्या हातून घेतली, मारली, परत दिली. “चहा ठेव,” तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड केलं. मी चहा ठेवला. पाणी उकळून अर्धं झालं तरी मी त्याच्या पाठीकडेच बघत होते.

चार्ट पुठ्ठ्याच्या नळीतून कुरिअरने आले. आई पाळीवरून आली तेव्हा मी ते खोलीच्या मधोमध जमिनीवर उलगडून ठेवले होते आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या होत्या. मामा आला नव्हता. तू दाखव, म्हणाला होता, मी असलो तर ती माझ्याशी भांडेल आणि कागद बघणार नाही.

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि गुडघे टेकून बसली. तिला वाकून बघताना मी कधी पाहिलं नव्हतं, कारखान्यातलं तिचं काम उभ्याचं होतं.

“आमचं गाव कुठाय?”

मी शोधलं. “गाव नाही. इथे देऊळ दाखवलंय.”

“गाव का नाही?”

“समुद्रातून जे दिसतं तेवढंच टाकतात. देवळाचा कळस दिसतो.”

“घरं नाही दिसत,” ती म्हणाली. “खरं आहे. माडांच्या आड जातात.” तिने देवळावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू पाण्यात नेलं. “इथे आमचे बाबा जाळं टाकायचे. हा आकडा काय?”

“खोली. मीटरमध्ये.”

“एवढं खोल आहे होय तिथे. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.”

ती बराच वेळ बघत राहिली. मी कडेच्या पट्ट्या दाखवल्या, मैल कसा मोजायचा ते दाखवलं, दिवे दाखवले, जिथे आम्ही थांबणार होतो ते जयगड दाखवलं. मी चांगलं समजावून सांगितलं. गेटवर उभी राहून सांगायचे तसंच, मुद्दा सोडून न देता. तिने मध्येच मला थांबवलं.

“भीती वाटते का तुला?”

मी चार्टाकडे पाहिलं. किनाऱ्यालगत आकडे लहान होते, आणि बाहेर, जिथून आम्ही जाणार होतो, तिथे ते मोठे होत गेले होते. त्या मोठ्या आकड्यांवर मामाची ती लहान होडी मी पहिल्यांदा ठेवून पाहिली. वर मी. खाली तेवढं पाणी. मी चार्टावरून हात मागे घेतला.

“हो,” मी म्हटलं. आवाज बारीक आला. “खूप वाटते.”

आईने श्वास सोडला. “आमचे बाबा होडीत घ्यायच्या आधी प्रत्येकाला हे विचारायचे,” ती म्हणाली. “नाही म्हणाला की त्याला वाळूवर ठेवून जायचे. कितीही मोठा पोहणारा असला तरी. इतके महिने तू कशालाच हो म्हणत नव्हतीस, कशालाच नाही म्हणत नव्हतीस. मी तुला कशी सोडली असती पाण्यात?”

मला रडू येत होतं आणि चार्टावर पडायला नको म्हणून मी मागे सरकले. ती उठली नाही. तिने एकेक वाटी उचलली, कागद आपोआप गुंडाळत गेला, तशी तिने तो हाताने आवळून धरला.

“जा,” ती म्हणाली. “दादाला फोन कर. वाट बघत असेल.”

मामाने पहिल्याच घंटेला उचलला.

“काय म्हणाली?”

“जा म्हणाली.”

पलीकडून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा.

“लिंबं घेऊन ये,” तो म्हणाला. “भरपूर. पहिले दोन दिवस तू उलट्या करणार आहेस.”